पेल्विक फ्लोअरच्या व्यायामाने लघवी गळणं थांबतं का? मावशीचा प्रश्न आणि पुरावा वाचायची पद्धत



मागच्या वेळी आपण पी-व्हॅल्यूबद्दल बोललो होतो. आजचा विषय थोडा संकोचाचा आहे, पण पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांसाठी याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. कारण प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तर देताना संशोधन पद्धतीचा जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम लागतो.

गेल्या नवरात्रात आमच्या घरातल्या बायकांचा वणीच्या गडावर जायचा बेत ठरला. मावशी ऐनवेळी म्हणाली, "गुडघे दुखतायत, तुम्ही जाऊन या." आता गडावर ट्रॉली आहे, पायऱ्या चढायची सक्ती नाही, म्हणून मला ते खरं वाटेना. रात्री भांडी आवरताना ती हळूच म्हणाली, "अगं, गुडघ्याचं काही नाही. दोन तास एसटीत बसायचं, खोकला आला की लघवी होते. साडीला डाग पडला तर कुठे तोंड लपवू?" तिचं वय ५८. दुसऱ्या बाळंतपणापासून थोडा त्रास होताच, गेल्या तीन-चार वर्षांत वाढला. डॉक्टरांना कधी सांगितलं नाही. मलाही सांगितलं नसतं, पण "तू संशोधन करतेस ना, मग तुला माहीत असेल" असं म्हणून तिने विचारलं: "ते व्यायाम असतात म्हणे. त्यांनी फरक पडतो का गं?"

मी अगदी आत्मविश्वासाने "पडतो" म्हणाले आणि तिला केगेल व्यायामाचा एक व्हिडिओ पाठवला. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "काही उपयोग नाही तुझ्या व्यायामाचा. उलट जास्तच होतंय."

चूक माझी होती. "पडतो" हे उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं: पेपर काढून वाचायला बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

१. आधी शब्द: कुठली लघवी गळते?

नकळत लघवी होण्याच्या तक्रारीला इंग्रजीतून आलेला शब्द आहे युरिनरी इन्कॉन्टिनन्स. हा एक आजार नाही, एक लक्षण आहे, आणि त्याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स. खोकताना, शिंकताना, हसताना, हंडा उचलताना लघवी निसटते. इथला 'स्ट्रेस' म्हणजे मनाचा ताण नाही. पोटातला दाब वाढतो, तो हा स्ट्रेस. (मावशीच्या कागदावर पुढे हा शब्द आला तेव्हा ती वैतागली: "मला कसलं टेन्शन?") दुसरा अर्ज प्रकार. अचानक जोराची घाई होते आणि बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत थांबवत नाही. यात मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावतो. तिसरा मिश्र, म्हणजे दोन्ही.

हा फरक का महत्त्वाचा? कारण त्रासामागची यंत्रणा वेगळी असेल तर एकच उपाय दोन्हीकडे सारखा चालेल असं गृहीत धरता येत नाही. पेपर वाचताना पहिलं बोट इथे ठेवायचं: यांनी नेमक्या कोणत्या प्रकारच्या रुग्णांना घेतलं?

२. स्नायू काय करतात?

पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू. पुढे जननेंद्रियावरच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळी बांधावी तसे ते पसरलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना या झोळीचा आधार असतो आणि मूत्रमार्ग, योनिमार्ग, गुदमार्ग तिच्यातून बाहेर येतात. बाळंतपणात ही झोळी खूप ताणली जाते. वय, वजन, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता यांचाही तिच्यावर भार पडतो.

खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो. झोळी घट्ट असेल तर मूत्रमार्ग त्या आधारावर दाबला जाऊन बंद राहतो. सैल असेल तर निसटतं. म्हणून तर्क असा की स्नायू बळकट केले आणि खोकल्याच्या क्षणी ते वेळेवर आवळायला शिकवलं, तर गळणं कमी व्हावं. अर्ज प्रकारात तर्क वेगळा आहे: हे स्नायू आवळले की मूत्राशयाचं आकुंचन प्रतिक्षिप्त क्रियेने शांत होतं, आणि बाथरूमपर्यंत जायला वेळ मिळतो.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामांवर पेपर लिहिला, म्हणून त्यांचं नाव चिकटलं. स्नायूंचा दाब मोजायला त्यांनी पेरिनिओमीटर नावाचं साधन वापरलं. त्यांचे निकाल उत्तम होते. पण त्यांच्याकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि इथेच आपल्या कामाचा भाग सुरू होतो.

३. कंट्रोल ग्रुप नसेल तर काय बिघडतं?

समजा तुम्ही ३० बायकांना आठ आठवडे व्यायाम दिला आणि गळणं निम्म्यावर आलं. व्यायामाचा फायदा झाला म्हणायचं का?

१९९८ साली कॅथरीन बर्जिओ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 'जामा'मध्ये आला. अर्ज किंवा अर्ज जास्त असलेला मिश्र त्रास असलेल्या १९७ वयस्क स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे रँडम, तीन गट केले. एकाला स्नायूंचं प्रशिक्षण आणि घाई थोपवायच्या युक्त्या, दुसऱ्याला ऑक्सिब्युटिनिन हे औषध, तिसऱ्याला नुसती साखरेच्या गोळीसारखी प्लासिबो. गळण्याचे प्रसंग पहिल्या गटात सरासरी ८०.७ टक्क्यांनी कमी झाले, औषधाच्या गटात ६८.५ टक्क्यांनी. आणि प्लासिबोच्या गटात? ३९.४ टक्क्यांनी.

हा शेवटचा आकडा वहीत लिहून ठेवा. काहीही औषध नसलेल्या गोळीने जवळजवळ ४० टक्के फरक. का? कारणं अनेक. लोक त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हाच उपचाराला येतात, त्यानंतर तो आपोआप थोडा खाली येतो. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. रोज डायरीत नोंद करायला लागलं की माणूस चहा-पाणी आणि बाथरूमच्या वेळा नकळत सांभाळतो. कोणीतरी आपली विचारपूस करतंय याचाही परिणाम होतो. म्हणून 'आधी आणि नंतर' एवढ्यावर बेतलेला अभ्यास उपायाचा परिणाम नेहमीच फुगवून दाखवू शकतो. पीजीच्या छोट्या प्रबंधात ही मांडणी सोपी म्हणून निवडली जाते. शक्य असेल तर निवडू नका.

४. मग कंट्रोल ग्रुपशी तुलना केल्यावर काय दिसलं?

आधी एक प्रयोग बघू, मग सगळ्यांची बेरीज.

नॉर्वेच्या कारी बो यांचा १९९९ सालचा प्रयोग 'बीएमजे'मध्ये आहे. स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स असलेल्या १०७ स्त्रिया, चार गट, सहा महिने. व्यायामाच्या गटाने दिवसातून तीन वेळा ८ ते १२ जोरकस आकुंचनं केली, शिवाय आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टसमोर वर्ग. शेवटी "आता मला त्रास उरलेला नाही" असं म्हणणाऱ्या व्यायामाच्या गटातल्या २५ पैकी १४, विद्युत उत्तेजनाच्या २५ पैकी ३, योनीत धरायच्या वजनांच्या २७ पैकी २, आणि काहीच उपचार नसलेल्या ३० पैकी १.

एका देशातला एक प्रयोग, त्यामुळे यावर थांबायचं नाही. २०१८ साली द्युमुलाँ आणि सहकाऱ्यांचा कोक्रेन आढावा आला. कोक्रेन म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे रँडमाइज्ड प्रयोग ठरलेल्या निकषांनी शोधून, तपासून, एकत्र मांडणारी पद्धत. यात १४ देशांतले ३१ प्रयोग आणि १,८१७ स्त्रिया होत्या. तुलना 'व्यायाम' विरुद्ध 'उपचार नाही किंवा निष्क्रिय उपचार' अशी. स्ट्रेस प्रकारात "पूर्ण बरं वाटलं" म्हणणाऱ्या व्यायामाच्या गटात ५६ टक्के, कंट्रोलमध्ये ६ टक्के. रिलेटिव्ह रिस्क ८.३८, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ३.६८ ते १९.०७. सगळे प्रकार एकत्र धरले तर ३५ विरुद्ध ६ टक्के, आणि रिलेटिव्ह रिस्क ५.३४.

आता हे आकडे वाचायची सवय लावू.

पहिली गोष्ट. ३१ प्रयोग असले तरी स्ट्रेस प्रकारातला हा 'पूर्ण बरं'चा आकडा फक्त ४ प्रयोगांतल्या १६५ स्त्रियांवरून आला आहे. बाकीच्यांनी वेगळं काहीतरी मोजलं होतं. मथळ्यातला मोठा आकडा आणि ज्या तक्त्यावर निष्कर्ष उभा आहे तो आकडा, हे दोन्ही वेगळे बघायचे.

दुसरी. ५६ ला ६ ने भागलं तर ९.३ येतात, मग ८.३८ कुठून? मेटा-अॅनालिसिसमध्ये सगळ्यांची सरळ बेरीज करत नाहीत. प्रत्येक प्रयोगाचा परिणाम वेगळा काढून त्याला वजन देतात आणि मग सरासरी घेतात. व्हायव्हात हा प्रश्न येऊ शकतो.

तिसरी. ३.६८ ते १९.०७ हा पट्टा फार रुंद आहे. फायदा आहे याबद्दल शंका नाही, कारण पट्ट्याचं खालचं टोकही १ च्या बरंच वर आहे. पण तो फायदा नेमका किती पट आहे हे या १६५ जणींवरून घट्ट सांगता येत नाही. "आठ पट" असं छापून टाकायला सोपं असतं, पण त्यातला आठ हा आकडा दगडावरची रेघ नाही.

चौथी. ५६ वजा ६ म्हणजे ५० टक्क्यांचा फरक. म्हणजे ढोबळमानाने दोघींनी व्यायाम केला तर एक जास्तीची बरी होते. घरी समजावून सांगताना "आठ पट" पेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडतं.

पाचवी. व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करतोय हे माहीतच असतं, त्यामुळे रुग्णाचं ब्लाइंडिंग इथे शक्य नाही. "बरं वाटलं" हे उत्तर त्या माहितीने रंगू शकतं. म्हणून चांगल्या प्रयोगात मोजणाऱ्याला गट माहीत नसतो, आणि स्वतःच्या मताबरोबर पॅड टेस्ट (ठरलेल्या हालचालींनंतर पॅडचं वजन करणं) किंवा मूत्राशयाची डायरीही असते.

५. "व्यायाम केला" म्हणजे नेमकं काय केलं?

मावशीच्या बाबतीत मी इथे घसरले.

१९९१ साली रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हे स्नायू आवळायला सांगितलं आणि मोजमाप केलं. नीट जमलं २३ जणींना, म्हणजे ४९ टक्के. आणि १२ जणी असं काही करत होत्या की ज्याने गळणं उलट वाढू शकेल, म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली जोर.

व्हिडिओ बघून मावशी काय करत होती हे मी तीन आठवड्यांनी विचारलं. श्वास रोखून, पोट घट्ट करून, शौचाला जोर करावा तसा जोर. नेमकं उलटं! "आत आवळ" एवढं व्हिडिओत सांगितलं होतं, तिने तिच्या समजुतीने आवळलं. तिच्याकडून प्रयत्नात काही कसूर नव्हती.

संशोधनाच्या भाषेत याला इंटरव्हेन्शन फिडेलिटी म्हणतात. कागदावर लिहिलेला उपाय प्रत्यक्षात तसाच दिला-घेतला गेला का? "व्यायामाने फायदा नाही" असा निष्कर्ष काढण्याआधी व्यायाम झाला होता का हे तपासावं लागतं.

मग प्रत्येकीला महागडी यंत्रं लागतात का? नाही. २०२० साली 'बीएमजे'मध्ये आलेल्या ओपल प्रयोगात ६०० स्त्रियांपैकी अर्ध्यांना नुसतं प्रशिक्षण आणि अर्ध्यांना त्यासोबत स्नायूंचे विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारं बायोफीडबॅक दिलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत गळण्याच्या तीव्रतेत फरक नव्हता. त्याच वर्षी कॅनडातल्या ३६२ ज्येष्ठ स्त्रियांवरच्या प्रयोगात, १२ आठवड्यांचं प्रशिक्षण एकेकीला दिलं काय आणि गटात दिलं काय, वर्षभराने गळण्याचे प्रसंग मध्यक पाहता अनुक्रमे ७० आणि ७४ टक्क्यांनी कमी झाले होते. हा नॉन-इन्फिरिऑरिटी प्रयोग होता, म्हणजे 'गट जास्त चांगला' हे नाही तर 'गट कमी पडत नाही' हे दाखवायचं होतं. मात्र एक तपशील विसरू नका: सुरुवातीला प्रत्येकीला स्नायू नीट आवळायला शिकवलं होतं.

म्हणजे माणसाने एकदा तपासून शिकवणं हा भाग महत्त्वाचा, पडदा आणि तारा नव्हेत. आपल्याकडे, जिथे तालुक्याच्या गावी या विषयातली फिजिओथेरपिस्ट मिळणंच कठीण, तिथे गटात शिकवता येतं ही मोठी बातमी आहे.

आणि मुदत? ब्रिटनच्या नाईस संस्थेची शिफारस किमान तीन महिने देखरेखीखाली, दिवसातून तीन वेळा किमान आठ आकुंचनं अशी आहे. तीन आठवड्यांत निकाल मागणं म्हणजे पेरणी करून आठवड्याने कणीस शोधणं.

एक गोष्ट मात्र लवकर जमते. १९९८ साली मिलर आणि सहकाऱ्यांनी २७ वयस्क स्त्रियांना खोकण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळायची युक्ती शिकवली. एका आठवड्यानंतर, आवळून खोकल्यावर मध्यम खोकल्यातलं गळणं सरासरी ९८.२ टक्क्यांनी आणि जोराच्या खोकल्यातलं ७३.३ टक्क्यांनी कमी भरलं. एवढ्या दिवसांत स्नायू बळकट होत नाहीत, म्हणजे हा फरक वेळ साधण्याचा. लहान अभ्यास आहे, पण ताकद आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून छान कळतं.

६. जिथे उत्तर "नाही" किंवा "तेवढं नाही" असं आहे

आवडत्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारे पेपर मुद्दाम शोधायचे, ही सवय आत्ताच लावून घ्या.

पुरुष, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर: २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनचा मॅप्स प्रयोग आला. थेरपिस्टबरोबर तीन महिन्यांत चार सत्रं विरुद्ध नेहमीची देखभाल. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांत एका वर्षाने गळणाऱ्यांचं प्रमाण ७६ विरुद्ध ७७ टक्के, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांत ६५ विरुद्ध ६२ टक्के. फरक नाही. बायकांवरचा पुरावा उचलून आजोबांना लावता येत नाही, तो याचसाठी.

त्रास मध्यम ते तीव्र असेल तर: २०१३ सालच्या नेदरलँड्सच्या प्रयोगात ४६० स्त्रियांची फिजिओथेरपी आणि मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवायची शस्त्रक्रिया यांत रँडम विभागणी केली. वर्षभराने सुधारणा फिजिओथेरपीच्या गटात ६४.४ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ९०.८ टक्के. गंमत अशी की फिजिओथेरपीच्या गटातल्या ४९ टक्के बायकांनी मधेच शस्त्रक्रिया करून घेतली, तरीही मुख्य विश्लेषणात त्या फिजिओथेरपीच्याच गटात मोजल्या. याला इंटेन्शन-टू-ट्रीट म्हणतात. का? कारण गट सोडणाऱ्यांना वगळलं की रँडमायझेशनने साधलेला समतोल मोडतो. पण मग त्या ६४.४ मध्ये शस्त्रक्रियेचाही वाटा आला, हे लक्षात ठेवून वाचायचं. अर्थात शस्त्रक्रियेला स्वतःचे धोके असतात. म्हणून व्यायाम आधी, हा क्रम आजही टिकून आहे.

गरोदरपण: २०२० सालच्या कोक्रेन आढाव्यात ४६ प्रयोग आणि १०,८३२ स्त्रिया होत्या. ज्यांना त्रास नव्हता त्यांनी गरोदरपणात लवकर व्यायाम सुरू केले तर शेवटच्या महिन्यांतला धोका बराच कमी झाला (रिलेटिव्ह रिस्क ०.३८). पण ज्यांना आधीच त्रास सुरू झाला होता त्यांच्यात असा स्पष्ट फायदा दिसला नाही. टाळणं आणि बरं करणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

७. "हे तर आपलं मूलबंधच की"

मावशीची जाऊ योगवर्गाला जाते, तिचं हे म्हणणं. हठप्रदीपिकेत मूलबंधाचं वर्णन आहे आणि त्यातलं आकुंचन या स्नायूंच्या जवळचं आहे, हे खरं. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. वर्णन जुळतंय म्हणून परिणामही जुळेल असं नाही, मोजावं लागतं. मोजण्याची परंपरा आपल्याकडे आहेही: स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते योगक्रिया उपकरणांनी तपासायच्या उद्देशानेच.

अलीकडे अमेरिकेत ४५ आणि त्यापुढच्या वयाच्या २४० स्त्रियांवर, १२ आठवडे योग विरुद्ध साधे ताणाचे व ताकदीचे व्यायाम, असा प्रयोग झाला (२०२४ मध्ये प्रसिद्ध). गळण्याचे प्रसंग योगाच्या गटात दिवसाला २.३ ने आणि दुसऱ्या गटात १.९ ने कमी झाले. दोन्ही गट सुधारले, दोघांतला फरक नगण्य. आता तिसऱ्या भागातला प्लासिबोचा आकडा आठवा. इथे 'काहीच न करणारा' गट नव्हता. त्यामुळे यातून "योगाने बरं होतं" असंही घट्ट म्हणता येत नाही आणि "होत नाही" असंही नाही. मुंबई-नाशिकच्या एखाद्या विद्यार्थिनीला इथे चांगला विषय आहे: मूलबंध विरुद्ध देखरेखीखालचं प्रशिक्षण, नीट कंट्रोलसह.

८. आपल्या मातीतला प्रश्न

विषय शोधताय म्हणून सांगते. १९८९ साली डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला. गडचिरोलीतल्या वासा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी. ९२ टक्के जणींना एखादा तरी स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी स्त्रीरोगतपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास लघवीच्या त्रासापुरता नव्हता, पण पद्धतीचा धडा तोच: दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजल्या तर न येणाऱ्या दिसतच नाहीत.

लखनौमध्ये ३,००० स्त्रियांची पाहणी झाली (२०१३ मध्ये प्रसिद्ध), त्यात २१.८ टक्के जणींना नकळत लघवी होण्याचा त्रास होता. पण ती रुग्णालयातली पाहणी आहे. त्या आकड्यावरून सिन्नर किंवा सुरगाण्यातल्या बायकांबद्दल बोलायचं तर थांबून विचार करावा लागेल. माझी मावशी कुठल्याच पाहणीत नव्हती. ती "गुडघे दुखतायत" या रकान्यात होती.

महाराष्ट्रातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे, आपल्या नाशकात म्हसरूळला. या विषयावर सिनॉप्सिस लिहिणारे वाचक यात असणारच, म्हणून एक छोटी यादी:

१. कोण? प्रकार (स्ट्रेस, अर्ज, मिश्र), वय, बाळंतपणं स्पष्ट लिहा.
२. काय? किती आकुंचनं, किती सेकंद, किती वेळा, किती आठवडे, कोणी शिकवलं. स्नायू नीट आवळले जातात का हे कसं तपासलं?
३. कशाच्या तुलनेत? कंट्रोलला नेमकं काय मिळालं?
४. काय मोजलं? आयसीआयक्यूची छोटी प्रश्नावली (गुण ० ते २१) वापरत असाल तर मराठी भाषांतर प्रमाणित आहे का ते बघा. घरी बसून केलेलं भाषांतर चालत नाही.
५. कधी मोजलं? कारी बो यांच्याच एका जुन्या प्रयोगातल्या स्त्रियांना १५ वर्षांनी गाठलं तेव्हा सुरुवातीचा फायदा टिकलेला नव्हता. चार आठवड्यांचा निकाल म्हणजे शेवटचा निकाल नाही.
६. नोंदणी: पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नंतरची नोंदणी घेत नाहीत.
७. विचारायचं कसं? सासूसमोर, नवऱ्यासमोर हा प्रश्न विचारला तर खरं उत्तर मिळणार नाही. मुलाखतीची जागा हाही पद्धतीचाच भाग आहे.

९. मावशीचं काय झालं?

नोव्हेंबरमध्ये मी तिच्याबरोबर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. लघवीची तपासणी झाली, जंतुसंसर्ग नव्हता. (लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, अंग बाहेर येणं, अचानक पायात बधिरपणा असं काही असेल तर व्यायामाची वाट न बघता डॉक्टर गाठायचे.) स्ट्रेस प्रकार निघाला. आवळायचं कसं हे फिजिओथेरपिस्टने हाताने तपासून शिकवलं. पहिल्याच दिवशी मावशी म्हणाली, "अगं बाई, हे एवढं हलकं असतं? मी तर पैलवानासारखा जोर लावत होते." रोज तीन वेळा, चहाचं आधण चढवलं की एकदा, असं तिने लावून घेतलं. फेब्रुवारीअखेर तिच्या डायरीत आठवड्याचे प्रसंग ११ वरून ३ वर आले होते.

व्यायामाचा फायदा झाला का? तिच्या मते शंभर टक्के. पण मी तुम्हाला काय सांगू? नोव्हेंबरात तिला थंडीचा खोकला होता, फेब्रुवारीत तो गेला होता. चहा पाच कपांवरून तीनवर आला होता. डायरी ठेवायला लागली होती. आणि ती सर्वांत त्रासलेली असतानाच आम्ही दवाखान्यात गेलो होतो. एका माणसात या सगळ्यांतून व्यायामाचा वाटा वेगळा काढता येत नाही. ते काम त्या ३१ प्रयोगांचं. ते प्रयोग भक्कम आहेत म्हणूनच मी तिला "सोडू नकोस" असं सांगू शकते, तिच्या ३ या आकड्यामुळे नाही.

तर एका ओळीच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर: हो, बायकांमधल्या स्ट्रेस प्रकारात नक्की, बाकी प्रकारांतही बऱ्यापैकी, पण कोणीतरी तपासून शिकवलेलं असेल आणि किमान तीन महिने नेटाने केलं तर. आणि न थांबल्यास पुढचे उपाय आहेत, गप्प बसणं हा उपाय नाही.

चैत्रातल्या यात्रेला गर्दी फार, म्हणून मावशीने वैशाखात गडावर जायचं ठरवलंय. पिशवीत एक जादा साडी ठेवणार आहे म्हणाली. ठेवू दे.

पुढच्या लेखात कॉन्फिडन्स इंटरव्हल हाताने काढून बघू. तोपर्यंत एक गृहपाठ: तुमच्या विषयातला कुठलाही 'आधी आणि नंतर' पद्धतीचा पेपर घ्या आणि उपायाशिवाय तोच निकाल येण्याची तीन कारणं लिहून काढा.